दाताखालची तूर

तीस वर्षं मी तुरीच्या दाण्याला दात लावून घर चालवलं. जळगावच्या एका डाळमिलसाठी मी माल खरेदी करतो. बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्यांच्या तुरीचे, हरभऱ्याचे ढीग लागतात. एकेका ढिगाला आम्ही वक्कल म्हणतो. लिलाव पुढे पुढे सरकत असतो आणि एका वकलापाशी जेमतेम अर्धा मिनिट मिळतं. तेवढ्यात ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे वर काढायचे, वास घ्यायचा आणि चार दाणे दाढेखाली फोडायचे. वाळलेला दाणा कट्‌कन दुभंगतो. ओल असली तर दबतो, दाढेला चिकटतो. ओली तूर मिलमध्ये गेली की साल सुटत नाही, डाळीचा चुरा होतो आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळतात. आमच्या शेठजींचा हंगाम माझ्या दाढेवर चालतो असं मी म्हणायचो. त्यात थोडी बढाई होती. ती कशी उतरली तेही सांगणार आहे.

मागच्या महिन्यात धुळ्याला तपासणीला गेलो होतो. बाहेर बाकावर माझ्याच वयाचा एक माणूस तोंडाला रुमाल लावून बसला होता. त्याच्या बायकोनं माझ्या मानेवरचा व्रण पाहिला आणि विचारलं, भाऊ, तुम्ही परत कामाला लागलात का? मी हो म्हटलं. कसं काय जमलं, असं तिनं विचारलं आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. बाहेर आलो तोवर ती दोघं निघून गेली होती. तिला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहितो.

फोड

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास डाव्या गालाच्या आत एक फोड आला. आमच्या धंद्यात गालाला जखम होणं रोजचंच असतं. हरभऱ्याचं साल लागतं, तुरीची कणी टोचते, आठ दिवसांत बरं होतं. मी लक्ष दिलं नाही. पंधरा दिवसांनी दातांच्या डॉक्टरकडे गेलो आणि त्यांना मीच निदान सांगितलं की दाणे फोडताना लागतं. त्या भल्या माणसानं दाढेची कड घासून दिली. महिन्यानं परत गेलो, परत घासून घेतली. तंबाखू खाता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कधीमधी. कधीमधी म्हणजे सकाळी उठल्यापासून, चुना लावून, दर तासाला. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, तेही ठाऊक होतं आणि मी डॉक्टरांना काय सांगितलं तेही.

मग मध लावला, हळद लावली, बोरोग्लिसरीन लावलं. चार महिने गेले. फोड काही हलेना. कडा जाड झाल्या, खालची दाढ हलायला लागली. तिखटाचा घास गालाला लागला की डोळ्यांत पाणी यायचं. आमच्या घरात शेवभाजीचा रस्सा लालभडक असतो आणि मी तो दोनदा वाढून घेणारा माणूस. मी ताट सरकवायला लागलो तेव्हा शोभानं मला रिक्षात घातलं.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. आमच्या लेकीच्या, जयश्रीच्या वयाच्या असतील. त्यांनी उजेड पाडून तोंडात पाहिलं, हातमोजा घालून गालाच्या आतून बोट फिरवलं, मानेला चाचपलं. मी आपली ठरलेली कहाणी सांगितली. माल पारखतो, दाणे फोडतो, लागतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "दाणे कोणत्या बाजूनं फोडता?"

"उजव्या," मी म्हटलं. आणि जरा ऐटीतच सांगितलं की तंबाखूची बाजू डावी, धंद्याची बाजू उजवी. तंबाखूनं जीभ मरते, म्हणून उजवीकडे मी तंबाखूचा कण जाऊ देत नाही. आमच्या धंद्यात सगळेच पारखी ही शिस्त पाळतात.

 डॉक्टरबाईंनी कागदावर गालाचं चित्र काढून डाव्या बाजूला फुली मारली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जो दाणा त्या बाजूला कधी गेलाच नाही, त्याच्यावर मी चार महिने आळ घेत होतो. दातांच्या डॉक्टरला फसवलं, शोभाला फसवलं, आणि हे सगळं मला मनापासून खरं वाटत होतं.

 घरी आल्यावर शोभा चपला काढता काढता म्हणाली, "चार महिना तुम्ही दानानं नाव सांगत राहिनात. दाना तं तठे जातच नही." तिचं माहेर-सासर सगळं अमळनेरकडचं, घरात आम्ही अहिराणीच बोलतो. पण एरवी ती भांडताना आवाज चढवते. त्या दिवशी चढवला नाही. मला आधी लाज वाटली. भीती वाटायला संध्याकाळ झाली.

तुकडा

गालाचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. आठ दिवस वाट पाहायची होती. मी रोज कामावर गेलो. घरात बसलो असतो तर वेडा झालो असतो. तंबाखूची डबी शोभानं नेली ती कुठे टाकली कुणास ठाऊक. हात दर तासाला खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा.

अहवाल आला त्या दिवशी मोठे डॉक्टर बोलले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही, मला तेच बरं वाटलं. कॅन्सर आहे, मानेच्या एका गाठीतही गेलाय, ऑपरेशन करू, नंतर रेडिएशनचे शेक देऊ, बरं व्हायची चांगली आशा आहे. तुम्हाला काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. लोक म्हणे किती दिवस जगेन असं विचारतात. मी विचारलं, उजवीकडच्या दाढा राहतील का?

ते हसले. "आधी तुम्हाला ठेवू या. मग दाढांचं बघू."

शोभा मात्र रडली. दवाखान्याच्या पायरीवर बसून, पदर तोंडाला लावून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता रडली. मी शेजारी बसलो. तिच्या चपलेचा निघालेला अंगठा दुरुस्त करत बसलो. अशा वेळी काय बोलतात हे मला अजूनही माहीत नाही.

शेठजींना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण हे आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात आणि बोलतात फार कमी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, जाऊन ये, तुझी जागा कुठे जात नाही. मी मनात म्हटलं, जागा राहील शेठजी, पण त्या जागेवर बसणारा तोच राहील का?

धुळे

ऑपरेशन धुळ्याला झालं. गालाची आतली बाजू, खालच्या जबड्याची कड, डावीकडच्या दाढा आणि मानेतल्या गाठी काढल्या. गालाला आतून छातीची कातडी लावली. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, मानेत नळी, हातात नळी. बोलता येईना. शोभानं जयश्रीच्या मुलीची पाटी आणली होती. मी पहिला शब्द लिहिला तो "चहा". ती पाटी तिनं सगळ्यांना दाखवली, नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या रावेरच्या केळीवाल्याला, झाडूवालीलाही. माणूस शाबूत आहे याचा पुरावा म्हणून दाखवत असावी.

चहा मिळाला नाही. मिळालं ते नळीतून. सकाळी सहाला दूध, मग वरणाचं पाणी, मग अंडं, मग कसलंतरी पांढरं पीठ. पोट भरायचं पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. वॉर्डात सकाळी नर्स ड्रेसिंग करायची, दहाला डॉक्टर यायचे, चारला नातेवाईक. नातेवाइकांत दोन जाती असतात. एक जात येऊन आपल्या ओळखीत कोण कसं गेलं ते सांगते. दुसरी जात येऊन पाच मिनिटं पाय चेपते आणि निघते. तुम्ही कुणाला भेटायला जाल तेव्हा दुसऱ्या जातीचे व्हा, एवढंच माझं सांगणं.

एक गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती, म्हणून मी सांगतो. छातीची कातडी गालात लावली की तिला आपली सवय सुटत नाही. माझ्या तोंडात केस उगवले. जिभेला काहीतरी खरखरीत लागायला लागलं तेव्हा मी घाबरलो. डॉक्टरांनी सांगितलं, पुरुषांना होतं असं, शेक बसले की गळून जातील. मी पाटीवर लिहिलं, न्हावी तोंडात घुसेल कसा? केळीवाल्याला बोलता येत नव्हतं, पण त्याचे खांदे हलले. तो हसत होता.

आरसा मी आठ दिवस टाळला. मग एकदा लिफ्टच्या स्टीलच्या दारात मी स्वतःला पाहिलं. डावा गाल आत गेलेला, ओठ खाली ओढलेला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. दार उघडलं आणि आतल्या बाईनं सरकून जागा दिली, तसा मी आत गेलो.

शेक महिना-दीड महिना चालले, सोमवार ते शुक्रवार. जळगाव-धुळे रोज करणं शक्य नव्हतं. आमची जयश्री धुळ्यात दिलेली आहे, तिच्याकडे राहावं लागलं. लेकीच्या सासरी बाप सहा आठवडे मुक्काम ठोकतो, तोही लाळ गाळत, हे मला गिळवत नव्हतं. मी दोनदा लॉजवर जायची भाषा केली.  विहीणबाईंनी सांगितलं की तुम्ही गेलात तर मी तुमच्या मागं मिक्सर घेऊन येईन.

मिक्सरची गोष्ट अशी. नळी निघाल्यावर मला पातळ, बिनतिखट खायचं होतं. शेकांनी तोंड आतून सोललं होतं, पाणी पितानाही आग व्हायची. आमच्याकडच्या मिक्सरच्या भांड्यात काळा मसाला, मिरच्या, लसूण वाटून वाटून इतका मुरलेला असतो की नुसती खिचडी फिरवली तरी तिखट लागते. पहिल्या दिवशी मी एक घास घेतला आणि उठलो.  संध्याकाळी विहीणबाई बाजारातून नवं भांडं घेऊन आल्या, त्यावर रंगानं फुली मारली आणि घरात सांगितलं की ह्या भांड्यात कुणी मिरची टाकली तर त्याचं जेवण बंद. सहा आठवडे त्या माझं वेगळं शिजवत होत्या. मी त्यांच्याशी आयुष्यात कधी चार वाक्यांपेक्षा जास्त बोललो नव्हतो. आता दर आखाजीला आम्ही त्यांना साडी देतो. त्या रागावतात आणि घेतात.

बोटं

जळगावला घरी आलो. सगळे म्हणाले, झालं, सुटलास. खरी कुस्ती तिथून सुरू झाली.

शेकांनंतर जबडा आवळत जातो. डॉक्टरांचं माप सोपं आहे. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पाहिजेत. माझं एक बोट अडकत होतं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. वरच्या-खालच्या दातांमध्ये काड्यांची थप्पी धरायची, थोडा वेळ थांबायचं, मग मधे एक काडी सरकवायची. दिवसातून पाचदा. दुखतं. खोटं कशाला सांगू, कळ कानात जाते. काही दिवस मी काड्या न लावताच लावल्या म्हणून सांगितलं. शोभानं काड्या मोजायला सुरुवात केली, ओल्या किती आणि कोरड्या किती. मी चिडलो, पाटी फेकली, ती फुटली. शोभा पण चिडली. तिनं सांगितलं की तिला नवरा पाहिजे, राग पाहिजे असेल तर तो तिच्याकडेही भरपूर आहे. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तसंही माझं बोलणं कुणाला कळत नव्हतं.

बोलण्याचं दुःख मला खाण्यापेक्षा मोठं होतं. प, फ, ब, म म्हणताना ओठ मिटत नव्हते. "बाजार"चं काहीतरी भलतंच व्हायचं. फोनवर लोक "काय?" म्हणायचे, मी परत सांगायचो, ते "अच्छा अच्छा" म्हणायचे. त्या अच्छावरून कळायचं की काही समजलेलं नाही. मी फोन उचलणं सोडलं. ताईंनी रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं. मी बाजारभावाचं पान वाचायचो. तूर, हरभरा, मूग, उडीद. नाताळपर्यंत शोभाला सगळं कळायला लागलं. तोंडात दोन बोटं जायला लागली. भात, मऊ पोळी, उकडलेली भाजी असं जेवण जमायला लागलं.

दोन बोटं म्हणजे दाणा आत जातो. मी मनात हिशेब मांडला. जानेवारीत नवी तूर येते, तोवर मी तयार. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. शेक बसलेल्या जबड्याचा दात फुटला तर हाड भरून येत नाही, कडक काहीही चावायचं नाही, कधीच नाही. मी विचारलं, चार दाणेसुद्धा? ते म्हणाले, एकसुद्धा.

येताना एस.टी.त शोभानं माझा हात धरला होता. मी खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत होतो. जगलो याचा आनंद होता, आणि आता जगून करू काय असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

अख्खा दाणा

संक्रांतीनंतर मी कामावर गेलो. डॉक्टरांनी काय सांगितलं ते शोभाला ठाऊक होतं, शेठजींना मी सांगितलं नाही. दात चालत नसलेला पारखी कोण ठेवतो? मिलमध्ये ओल मोजायचं मशीन आहे, पण ते मिलमध्ये. आवारात लिलाव धावत असतो, तिथं माणूसच लागतो.

मी युक्ती काढली. तोंडाला रुमाल बांधायचो. वकलापाशी रुमाल जरा वर करून दाणे तोंडात टाकायचे, जबडा हलवायचा, दोन क्षण डोळे मिटायचे आणि थुंकायचं. बघणाऱ्याला वाटावं की नेहमीचं चाललंय. निर्णय मी रंगावरून, वासावरून आणि हाताच्या अंदाजानं घ्यायचो. तीस वर्षांचा अंदाज, चालून गेला. आठ दिवस चालला.

नवव्या दिवशी मी धुळ्याकडच्या एका व्यापाऱ्याचं मोठं वक्कल वाळलेलं म्हणून घेतलं. वरून सोन्यासारखं दिसत होतं. मिलमध्ये गेल्यावर मशीननं ओल दाखवली. पोती परत उन्हात पसरावी लागली, दोन दिवस काम अडलं. शेठजी म्हणाले, होतं असं. मिलमधल्या लोकांनीही काही विचारलं नाही. बरं नसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, आणि ते मला जास्त लागलं.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी शेठजींच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. सांगितलं की मला दाणा फोडायची मनाई आहे. मी फोडत नाही. नुसतं दाखवतो. आजपासून दुसरा माणूस बघा.

शेठजींनी चष्मा काढून पुसला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, भास्कर. तू थुंकलेला दाणा मी उचलून पाहिला. अख्खा होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. एक वक्कल गेलं, हरकत नाही. आता दातांशिवाय कसं पारखायचं ते तू शोधून काढ. मला दुसऱ्या माणसाला तीस वर्षं शिकवायला वेळ नाही."

बाहेर येऊन मी हमालांच्या नळावर तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

अडकित्ता

घरी मी पक्कड घेऊन बसलो. पकडीत दाणा धरून दाबला की तो बंदुकीतून सुटल्यासारखा उडायचा. एक देवघरात, एक पिठाच्या डब्यात, एक शोभाच्या चष्म्यावर. तिसऱ्या दिवशी ती आत गेली आणि तिच्या आईचा पितळी अडकित्ता आणून माझ्यापुढे आपटला. "घरभर बठ्ठी तूर करी टाकी. हाऊ ल्या, यानावरी कापा."

अडकित्त्यात दाणा धरला, हळूच दाबला. कट् झालं. दोन फाका माझ्या तळहातावर पडल्या. ओलसर दाणा घेतला तर पातं आत रुतलं, आवाज नाही, आणि कापलेली बाजू मेणासारखी दिसली. जे इतकी वर्षं दाढेला कळत होतं ते बोटांना कळत होतं. मी शोभाकडे पाहिलं. ती केर काढत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती, कारण तिला रडू येत होतं. मलाही आलं.

पंधरा दिवस मी मिलच्या मशीनसमोर बसून सराव केला. आधी कापायचं, अंदाज सांगायचा, मग मशीन बघायचं. पहिल्या दिवशी निम्मे अंदाज चुकले. शेवटच्या दिवशी शेठजी स्वतः येऊन बसले. एकही चुकला नाही. ते उठून गेले आणि जाताना एवढंच म्हणाले की सोमवारी आवारात जा.

सोमवारी तिसरंच वक्कल पारोळ्याकडच्या एका म्हाताऱ्या आबांचं होतं. मी ढिगात हात घातला, दाणे काढले आणि खिशातून अडकित्ता काढला. आबांनी हात आडवा धरला. त्यांना वाटलं असावं की हा काहीतरी नवीन फसवणुकीचा प्रकार आहे. म्हणाले, "भाऊ, दातखाले धरी देख, मंग बोल. मना माल कोरडा शे."

मी सांगितलं की मी आता दात लावत नाही. त्यांना ते कळलं नाही, की पटलं नाही. आजूबाजूचे चार-पाच शेतकरी त्यांच्या बाजूनं झाले. दात लावल्याशिवाय भाव बोलायचा नाही. लिलाव थांबला. लिलाव पुकारणारा आडत्या घड्याळ बघायला लागला. बोलून समजावणं माझ्या जिभेला तेवढ्या गलक्यात झेपणारं नव्हतं.

मी रुमाल सोडला. आबांच्या जवळ गेलो, उन्हाकडे तोंड केलं आणि जितकं उघडता येतं तितकं उघडलं. दोन बोटं. घरच्यांशिवाय आणि डॉक्टरांशिवाय कुणाला मी ते दाखवलं नव्हतं. आबा वाकले. बैलाचे दात पाहावेत तसे त्यांनी निवांत पाहिलं, डावीकडचा रिकामा जबडा, छातीची कातडी, सगळं. बाकीचेही वाकले. मी तोंड मिटलं नाही.

आबा मागं झाले. "मंग आते कसं देखशी?"

मी त्यांच्याच ढिगातले मूठभर दाणे त्यांच्या हातावर ठेवले, म्हटलं तुम्ही निवडा. त्यांनी एक निवडला. मी कापला आणि दोन्ही फाका त्यांच्या तळहातावर ठेवल्या. कापलेली बाजू वर. दुसरा कापला, तोही ठेवला.

मला त्या क्षणी जे कळलं ते तीस वर्षांत कळलं नव्हतं. आम्ही पारखी दाणा तोंडात टाकायचो. आत काय झालं ते आम्हालाच ठाऊक. आम्ही थुंकायचो आणि भाव बोलायचो, आणि शेतकऱ्यानं विश्वास ठेवायचा किंवा मनात शिव्या द्यायच्या. आबा आयुष्यभर तूर विकत आले होते आणि आपल्या दाण्याच्या आत पारखी काय बघतो हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी फाक डोळ्यांजवळ धरली, नखानं दाबली. नख रुतलं.

"मजार वल्ला शे," ते म्हणाले. आत ओल होती. मी नाही, त्यांनीच सांगितलं.

मी म्हटलं, दोन दिवस वाळवून आणा, चांगला भाव मिळेल. दाणा टपोरा आहे. त्यांनी मान हलवली आणि पोती भरायला हमालाला हाक मारली. मागून एकानं हात पुढे केला, त्यात त्याच्या तुरीचे दाणे होते. मग आणखी एकानं. माझंही कापून दाखव. तुरीच्या पोत्यावर बसून मी कापत होतो आणि ही वाळलेली, ही आणखी एक ऊन मागते, ही कालच्या दवाची ओल आहे, ही आतली आहे, असं सांगत होतो. कुणाला कळलं नाही की तो परत विचारायचा, मी परत सांगायचो, आणि तो दाण्याकडे बघून मान डोलवायचा. अच्छा अच्छा कुणी म्हटलं नाही. लिलाव संपून बाजार उठेपर्यंत हे चाललं.

घरी पोचलो तर घशातून आवाज निघेना. शोभा घाबरली. आमच्यासारख्यांच्या घरात आवाज गेला की घरच्यांचं काळीज हलतं. तिनं मला बसवलं, पाणी दिलं, मान चाचपली, डॉक्टरांना फोन लावायला निघाली. मी तिचा हात धरून थांबवलं आणि कसाबसा आवाज काढून सांगितलं की काही झालेलं नाही, बोलून बोलून बसलाय.

तिला ते पहिल्या सांगण्यातच कळलं होतं. तरी तिनं परत विचारलं, आणि मी परत सांगितलं.